दाढ काढल्यानंतर हिरडीत काहीतरी टोचतंय? सविस्तर मार्गदर्शन

दाढ काढून आठ-दहा दिवस होतात. ठणका थांबलेला असतो, सूज उतरलेली असते, आणि मग जेवताना जिभेला खड्ड्याच्या कडेला काहीतरी कडक, टोकदार लागतं. मनात लगेच येतं, डॉक्टरांनी दाढ पूर्ण काढलीच नाही, तुकडा आत राहिला. घरातलं कुणीतरी मोबाईलचा टॉर्च धरतं, कुणी चिमटा शोधतं, कुणी सांगतं लवंगेचं तेल लाव, आपोआप गळून पडेल.

नाशिकमध्ये दातांचे रुग्ण तपासताना हा प्रश्न मला सतत विचारला जातो, म्हणून सुरुवातीलाच सांगते. टोचणारा तुकडा बहुतेक वेळा दाताचा नसतो, जबड्याच्या हाडाचा असतो. उलट मुळीचं टोक खरोखरच आत राहिलं असेल तर ते सहसा टोचत नाही, कारण ते खोल, हाडात असतं. म्हणजे जे टोचतं त्याला घाबरायचं कारण कमी, आणि ज्याची चौकशी करायला हवी ते गप्प बसलेलं असतं. हे एकदा लक्षात आलं की पुढचे बरेचसे निर्णय सोपे होतात.

आत काय काय राहू शकतं

दात हिरडीत रुतलेला नसतो, तो जबड्याच्या हाडातल्या खोबणीत बसलेला असतो. या खोबणीच्या भिंती काही ठिकाणी कागदासारख्या पातळ असतात. दाढेला दोन किंवा तीन मुळ्या असतात आणि त्यांच्या मधेही हाडाचा पातळ पडदा असतो. दाढ काढताना डॉक्टर ती नुसती वर ओढत नाहीत. ती आजूबाजूला हलवून खोबण थोडी रुंद करावी लागते, तेव्हा कुठे मुळ्या सुटतात. त्यात भिंतींच्या कडांना बारीक तडे जातात. तड्याबरोबर सुटलेल्या कपच्यांना रक्तपुरवठा राहत नाही, शरीर त्यांना परकं मानतं आणि हळूहळू हिरडीतून बाहेर ढकलतं. पहिल्या आठवड्यापासून साधारण सहा आठवड्यांपर्यंत अशा कपच्या वर येताना दिसतात. पांढरट किंवा पिवळसर, तांदळाच्या कणीएवढ्या किंवा त्याहून लहान, एका बाजूला धारदार. एक निघाली म्हणून दुसरी येणार नाही असं नाही.

यात डॉक्टरांची चूक असतेच असं नाही. किडीने पोखरलेली, आधी रूट कॅनाल झाल्याने ठिसूळ झालेली किंवा वाकड्या मुळ्यांची दाढ काढायला जास्त जोर लागतो. उतारवयात हाड कठीण आणि कमी लवचिक होतं, तिथे कपच्या जास्त निघतात. वर्षानुवर्षं सुपारी, गुटखा खाऊन ज्यांचं तोंड नीट उघडत नाही, त्यांच्या मागच्या दाढेपर्यंत हत्यार पोचवणंच अवघड असतं.

दुसरा प्रकार सुट्या कपचीचा नसतो. खोबणीची कड जागेवरच असते, पण वरची हिरडी आक्रसल्यामुळे ती उघडी पडते. खालच्या मागच्या दाढेच्या जिभेकडच्या बाजूला हे फार वेळा होतं. बोलताना, गिळताना जीभ तिथे घासते आणि कापल्यासारखं वाटतं. हा भाग हलत नाही. तो ओढून काढायचा प्रयत्न म्हणजे जिवंत हाड उचकटण्याचा प्रयत्न. काही आठवड्यांत ती कड आपोआप गोल होते किंवा दवाखान्यात घासून गुळगुळीत करता येते.

तिसरा प्रकार दाताचा स्वतःचा. त्यात वरच्या कडक आवरणाची कपची, दातात पूर्वी भरलेल्या सिमेंटचा किंवा चांदीचा तुकडा, शेजारच्या दातावरून सुटलेला किटणाचा खडा असं काहीही असू शकतं. आणि चौथा, ज्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे, तो म्हणजे मुळीचं मोडलेलं टोक.

नुसत्या डोळ्यांनी हाड आणि दात यांत फरक करणं दंतवैद्यालाही कधीकधी जमत नाही, एक्स-रे लागतो. त्यामुळे तुकडा कशाचा हे घरी ठरवत बसू नका. थांबायचं की निघायचं, एवढं मात्र घरी ठरवता येतं.

कितवा दिवस आहे, ते आधी पाहा

पहिले २४ तास खड्ड्यात गडद लाल रक्ताची गुठळी असते. तीच पुढच्या सगळ्या भरून येण्याचा पाया आहे. या काळात जिभेला काहीही लागलं तरी हात लावायचा नाही, चूळ भरायची नाही, जोरात थुंकायचं नाही, स्ट्रॉने काही ओढून प्यायचं नाही. लाळेत थोडं रक्त मिसळून येणं साधारण आहे. तोंड रक्ताने भरू लागलं तर स्वच्छ गॉजची घडी ओली करून बरोबर खड्ड्यावर ठेवा आणि न उघडता ३० मिनिटं घट्ट दाबून धरा. दर दोन मिनिटांनी काढून पाहिलं तर रक्त थांबत नाही. सुटा कापूस वापरू नका, त्याचे तंतू आत चिकटतात. दोनदा असं करूनही रक्त थांबलं नाही तर डॉक्टरांना गाठा.

दुसऱ्या ते पाचव्या दिवसात गुठळीवर पांढरट-पिवळसर साय धरते. यावरून सर्वांत जास्त गैरसमज होतात. लोकांना वाटतं पू झाला किंवा हाड दिसतंय, आणि ते ब्रशने किंवा बोटाने खरवडून काढतात. तो पू नसतो. जखम भरताना शरीर तयार करतं तो थर असतो. पू असेल तर दाबल्यावर वाहतो, वास येतो, तोंडाला खारट-घाण चव येते आणि सूज व दुखणं वाढत जातं. नुसता पांढरा थर दिसतोय आणि दुखणं रोज थोडं कमी होतंय, तर त्याला हात लावू नका.

याच दिवसांत एक वेगळा त्रास होऊ शकतो. गुठळी निघून जाते किंवा विरघळते, खड्डा कोरडा पडतो आणि आतलं हाड उघडं राहतं. डॉक्टर याला ड्राय सॉकेट म्हणतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणं कमी व्हायच्या ऐवजी अचानक वाढतं, कानापर्यंत, कानशिलापर्यंत जातं, गोळीने पुरतं थांबत नाही, तोंडाला दुर्गंधी येते. खालच्या अक्कलदाढेनंतर, विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत आणि गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत याचं प्रमाण जास्त असतं. रुग्णाला वाटतं तुकडा राहिल्यामुळे दुखतंय. तसं नसतं. दवाखान्यात खड्डा धुऊन आत औषधाची पट्टी ठेवली की बहुतेकांना त्याच दिवशी आराम पडतो. घरी सोसत बसण्यात काहीच अर्थ नाही.

त्यापुढे सहा आठवडे हा कपच्यांचा काळ. लहानशी टोचणी, पण बाकी दुखणं नाही, सूज नाही, ताप नाही, असं असेल तर दोन-तीन आठवडे वाट पाहायला हरकत नाही. वरची हिरडी साधारण तीन-चार आठवड्यांत मिटते, मोठ्या दाढेला जास्त लागतात. आत हाड भरायला तीन-चार महिने किंवा अधिक काळ जातो, तोवर तिथे खोलगट लागणारच.

महिने उलटून गेल्यावर त्याच जागी हिरडीला फोड येतो, फुटतो, बरा होतो, परत येतो, असं चाललं असेल तर ते कपचीचं लक्षण नाही. आत मुळी किंवा मेलेल्या हाडाचा तुकडा आहे का, हे एक्स-रे काढून पाहायलाच हवं.

आरशासमोर दोन मिनिटं

साबणाने हात धुवा. कोमट मिठाच्या पाण्याने हलकी चूळ भरून अन्नाचे कण जाऊ द्या, कारण डाळीची साल किंवा भाकरीचा कडक पापुद्राही हुबेहूब कपचीसारखा लागतो. मग आरसा आणि टॉर्च घेऊन पाहा. काय पाहायचं? जागा कुठली: खड्ड्याच्या आत, कडेला, गालाकडे की जिभेकडे. रंग कसा. आजूबाजूची हिरडी गुलाबी आहे की लालभडक. ओल्या गॉजने अगदी हलकं टेकवलं तर हलतं का. मोबाईलवर एक फोटो काढून ठेवा, चार दिवसांनी दुसरा काढा. डॉक्टरांना दोन फोटोंमधला फरक फार उपयोगी पडतो, विशेषतः तुम्ही सुरगाणा, पेठ किंवा येवल्याहून येणार असाल आणि यावं की नाही हे फोनवर ठरवायचं असेल तर. तुम्ही मधुमेहाची, हाडांची, रक्त पातळ करणारी कुठली औषधं घेता, ते त्या फोनमध्येच सांगा.

सारखी जीभ फिरवू नका. सांगायला सोपं आणि पाळायला कठीण आहे, पण कपचीपेक्षा जास्त जखमा मी जिभेने आणि नखाने केलेल्या पाहिल्या आहेत.

तुकडा हलतोय, जवळजवळ बाहेर आलाय

अशा वेळी एकच गोष्ट घरी करता येते. मिठाच्या पाण्याने चूळ भरा, स्वच्छ गॉजचा तुकडा ओला करून बोटाला गुंडाळा आणि खड्ड्याकडून बाहेरच्या दिशेने एकदा हलकं पुसा. कपची सुटलेली असेल तर गॉजला लागून येईल. रक्ताचा एखादा थेंब आला तर गॉज पाच मिनिटं दाबून धरा. नाही आली, दुखलं किंवा ओढ जाणवली, तर तिथेच थांबा. म्हणजे ती अजून हाडाला किंवा हिरडीला धरून आहे.

सेफ्टी पिन, सुई, टूथपिक, नेलकटर, भुवयांचा चिमटा यांतलं काहीही तोंडात घालायचं नाही. गॅसवर तापवून घेतलं तरी नाही. खड्ड्याच्या आत खोलवर खालच्या दाढेजवळ ओठाला संवेदना देणारी नस असते आणि वरच्या दाढेवर गालाच्या हाडातली पोकळी असते. तिथे आंधळेपणाने खुपसण्याची जागा नाही.

निघालेला तुकडा टाकून देऊ नका. धुऊन, कोरडा करून एका छोट्या डबीत ठेवा आणि पुढच्या भेटीत दाखवा. तो हाडाचा की मुळीचा, हे हातात घेतल्यावर डॉक्टरांना बऱ्याचदा सांगता येतं आणि तुमचा एक्स-रे वाचतो.

घरची काळजी, आणि काय लावायचं नाही

मिठाच्या पाण्याला पर्याय शोधायची गरज नाही. २४ तास झाल्यावर, पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चहाचा चमचा मीठ, दिवसातून चार-पाच वेळा, मुख्यतः जेवणानंतर. खळखळून गुळण्या नकोत. पाणी तोंडात घ्या, मान त्या बाजूला कलती करा, अर्धा मिनिट धरा आणि बेसिनमध्ये तसंच पडू द्या. डॉक्टरांनी क्लोरहेक्सिडीनचं माउथवॉश दिलं असेल तर ते आणि टूथपेस्ट यांत अर्ध्या तासाचं अंतर ठेवा. ते सांगितलेल्या दिवसांपलीकडे वापरलं तर दातांवर तपकिरी डाग पडतात. बाकीचे दात रोजच्यासारखे घासा, फक्त जखमेजवळ ब्रश नको.

लवंगेचं तेल कुणी मायेने आणून देतं, पण उघड्या जखमेवर थेट ओतलं तर ते भाजतं. दवाखान्यातल्या पट्टीत लवंगेतलंच औषध असतं हे खरं, मात्र तिथे त्याचं प्रमाण ठरलेलं असतं. तुरटी, हळदीची पूड, चुना, कापूर खड्ड्यात भरू नका. पूड आत बसते, गुठळी बिघडते आणि पुढे तीच खड्यासारखी टोचते. अ‍ॅस्पिरिनची गोळी हिरडीवर ठेवली तर हिरडी पांढरी पडून जळते.

मिश्रीबद्दल वेगळं लिहायलाच हवं. आपल्याकडे खेड्यापाड्यांत, आणि पंचवटी-सातपूरसारख्या शहरी भागांतही, कित्येक मावश्या आणि आज्या दात दुखला की मिश्री जास्त लावतात. ती भाजलेली तंबाखूच आहे. तंबाखू कुठल्याही रूपात असो, हिरडीचा रक्तपुरवठा कमी करते आणि जखम रेंगाळवते. कायमची सोडता आली तर फार चांगलं. निदान पहिला आठवडा तरी मिश्री, मावा, गुटखा, विडी यांतलं काहीही नको. यावर मी रुग्णांशी घासाघीस करत नाही.

वेदनेसाठी पॅरासिटामॉल मोठ्या माणसाला सहसा चालतं. निरोगी प्रौढाने २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या ८ गोळ्यांच्या वर जायचं नाही, आणि यकृताचा त्रास असेल किंवा दारूचं व्यसन असेल तर मर्यादा बरीच खाली आणावी लागते. इथे एक सापळा आहे. दातदुखीसाठी मेडिकलमध्ये मिळणाऱ्या बऱ्याच गोळ्यांत आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅसिक्लोफेनॅकबरोबर पॅरासिटामॉल आधीच मिसळलेलं असतं. वरून तापाची गोळी वेगळी घेतली तर मात्रा नकळत दुप्पट होते. गोळीच्या पाकिटामागे काय लिहिलंय ते वाचा. पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, गोळीने उसळणारा दमा, गरोदरपण, रक्त पातळ करणारी औषधं यांपैकी काही असेल तर आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. आणि अँटिबायोटिक मनाने तर कधीच नको. साध्या कपचीला अँटिबायोटिकचा काडीचाही उपयोग नाही.

खाण्यात मऊ भात-वरण, मुगाची खिचडी, दही, नाचणीचं आंबील, कुस्करलेली पोळी. पहिल्या दिवशी सगळं कोमट किंवा गार. मिसळ आठवडाभर लांब ठेवा, तिखटापेक्षाही त्यातल्या शेव-फरसाणासाठी. आपला चिवडा, भाजलेले शेंगदाणे, तीळ, पेरूच्या आणि डाळिंबाच्या बिया खड्ड्यात जाऊन बसतात.

दवाखान्यात कधी, आणि थेट रुग्णालयात कधी

टोचणी तीन आठवड्यांनंतरही कमी होत नसेल, तुकडा मोठा असेल, जिभेला जखम झाली असेल, हाड उघडं दिसत असेल किंवा दुखणं तिसऱ्या दिवसानंतर कमी होण्याऐवजी वाढत असेल, तर ज्यांनी दाढ काढली त्याच डॉक्टरांकडे जा. त्यांच्याकडे आधीचा एक्स-रे असतो आणि मुळी किती वाकडी होती, कुठे मोडली, हे त्यांना आठवतं किंवा नोंदीत मिळतं. रागाने दुसरीकडे गेलात तर ही माहिती मागे राहते.

वरची मागची दाढ काढल्यानंतर पाणी पिताना नाकात येतंय, चूळ भरताना हवा खड्ड्यातून शीळ घातल्यासारखी जातेय, असं असेल तर वरच्या पोकळीला वाट झालेली असू शकते. नाक शिंकरू नका, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून येऊ द्या, आणि एक-दोन दिवसांत दाखवा. भुलीचा असर उतरून दुसरा दिवस उजाडला तरी खालचा ओठ, हनुवटी किंवा जीभ बधिरच असेल तरीही लगेच कळवा.

पुढच्या गोष्टींसाठी सकाळची वाट पाहायची नाही: जबड्याखाली किंवा जिभेखाली पसरणारी सूज, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास, तोंड दोन बोटांएवढंही न उघडणं, थंडी वाजून ताप, डोळ्याकडे चढणारी सूज. जबड्याचा संसर्ग मानेत उतरला तर काही तासांत श्वासमार्ग बंद होऊ शकतो. अशा वेळी १०८ला फोन करा किंवा थेट मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. दाढ काढताना तुकडा घशात गेला आणि त्यानंतर खोकला, घरघर थांबत नसेल तर छातीचा एक्स-रे त्याच दिवशी हवा. नुसता गिळला गेला आणि काही त्रास नाही, तर तो बहुधा शौचावाटे निघून जातो.

शहरात पंचवटीला मुंबई-आग्रा रस्त्यावर कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालय आणि रुग्णालय आहे. अवघड मुळी असेल तर मुखशल्यचिकित्सेचे तज्ज्ञ अशा ठिकाणी मिळतात. त्र्यंबक रस्त्यावर जिल्हा शासकीय रुग्णालय आहे. बाहेरगावाहून एसटीने येणाऱ्यांनी आधी फोन करून ओपीडीची वेळ विचारावी आणि जुना एक्स-रे, औषधांची चिठ्ठी, चालू गोळ्यांची पाकिटं बरोबर आणावीत. द्राक्षाच्या हंगामात छाटणी-काढणीच्या कामावरची माणसं टाके काढायलासुद्धा येत नाहीत. मजुरी बुडते हे कळतं, पण निदान एक फोटो पाठवून फोनवर तरी विचारा.

तिथे गेल्यावर काय होतं याची धास्ती बाळगू नका. डॉक्टर आधी बघतात, गरज वाटली तर छोटा एक्स-रे काढतात, त्यातलं किरणांचं प्रमाण अगदी कमी असतं. सुटी कपची वरवर मलम लावून चिमट्याने निघते. कड टोचत असेल तर भुलीचं इंजेक्शन देऊन हाड घासून गुळगुळीत करतात, क्वचित एखादा टाका घालतात. बहुतेक वेळा दाढ काढण्यापेक्षा हे काम पुष्कळ लहान असतं.

मुळीचं टोक राहिलं असेल तर

आता त्या गप्प बसणाऱ्या तुकड्याबद्दल. दाढ काढताना मुळीचं शेवटचं टोक मोडणं ही जगभर रोज घडणारी गोष्ट आहे. ते प्रत्येक वेळी काढलंच पाहिजे असं नाही. टोक लहान असेल, साधारण ४-५ मिलिमीटरपेक्षा कमी, हाडात खोल घट्ट असेल, दाढेला पू किंवा मुळीशी गाठ नसेल, आणि ते काढायला नसेजवळ किंवा वरच्या पोकळीजवळ बरंच हाड कोरावं लागणार असेल, तर ते तिथेच ठेवणं हा जाणकार निर्णय असतो. अशी टोकं वर्षानुवर्षं काही न करता हाडात पडून राहतात. खालच्या अक्कलदाढेची मुळी नसेला खेटून असेल तर काही वेळा फक्त वरचा भाग कापून मुळ्या मुद्दाम ठेवल्या जातात, ती एक मान्य शस्त्रक्रिया आहे.

उलट मुळी हलत असेल, संसर्ग असेल, दुखत असेल, मुळीभोवती एक्स-रेमध्ये काळी सावली वाढत असेल किंवा त्याच जागी इम्प्लांट बसवायचं असेल, तर ती काढावी लागते.

माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. मुळी ठेवली हे रुग्णाला त्याच दिवशी सांगायला हवं आणि लिहून द्यायला हवं. त्याच्या जबड्यात काय आहे हे जाणण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. डॉक्टरांनी आपणहून सांगितलं नाही तर खुर्चीवरून उठण्याआधी तुम्ही विचारा: "डॉक्टर, दाढ पूर्ण निघाली ना? मुळ्या मोजून पाहिल्यात का? काही राहिलं असेल तर ते कुठे आहे, का ठेवलं, आणि परत एक्स-रे कधी काढायचा?" काढलेली दाढ दाखवायला सांगा. हे विचारणं उद्धटपणा नाही. चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही.

मुळी ठेवली असेल तर एक्स-रेचा फोटो, तारीख आणि दाढेची जागा फोनमध्ये आणि कागदावर जपा. साधारण सहा महिने ते वर्षभराने एकदा एक्स-रे काढून पाहतात, काही बदल नसेल तर पुढची तपासणी लांबवता येते.

सांगूनही ऐकलं जात नसेल, नोंदी मिळत नसतील, तर आधी दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घ्या. वागणुकीत गंभीर कसूर वाटली तर महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे लेखी तक्रार करता येते. मात्र मुळी मोडणं हीच कसूर नव्हे. ती लपवणं ही आहे.

ज्यांनी वाट पाहायची नाही

हाडं ठिसूळ झाल्याबद्दल आठवड्याची अ‍ॅलेंड्रोनेटची गोळी, वर्षातून एकदाचं झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचं इंजेक्शन किंवा डेनोसुमॅब घेणाऱ्यांचं आणि कॅन्सर हाडात पसरल्याबद्दल अशी औषधं घेणाऱ्यांचं हाड उशिरा भरतं. काहींचं भरतच नाही, आणि आठ आठवड्यांनंतरही उघडं राहतं. तोंडाच्या किंवा गळ्याच्या कॅन्सरसाठी शेक, म्हणजे रेडिएशन घेतलेल्यांचंही तसंच. आपल्याकडे तंबाखूमुळे असे रुग्ण कमी नाहीत. यांनी दाढ काढण्याआधीच हे सांगायचं असतं. नंतर टोचलं तर "कपची असेल" म्हणून घरी थांबायचं नाही. मधुमेह ताब्यात नसलेल्यांनीही लवकर दाखवावं. रक्त पातळ करणारी गोळी मात्र मनाने बंद करू नका, हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच काय ते ठरवा.

लहान मुलांचं गणित निराळं आहे. आपोआप पडलेल्या दुधाच्या दाताला मुळी दिसत नाही, म्हणून आईवडील घाबरून येतात. ती मोडलेली नसते, खालून येणाऱ्या पक्क्या दातामुळे ती हळूहळू विरघळून गेलेली असते. दवाखान्यात दुधाची दाढ काढताना मुळीचं टोक मोडलं तर ते बहुधा उकरत नाहीत, कारण लगेच खाली पक्क्या दाताचा अंकुर असतो. ते टोक विरघळतं किंवा पक्का दात येताना वर येऊन पडतं.

आणि शेवटी एक गोष्ट वयस्कर मंडळींसाठी. कवळी बसवायची असेल तर मापं द्यायच्या आधी संपूर्ण जबड्याचा एक्स-रे काढून घ्या. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी गावात काढलेल्या दाढेची मुळी हाडात असेल तर तेव्हा ती त्रास देत नाही, पण कवळीच्या रोजच्या दाबाने हाड झिजतं, मुळी वर येते आणि कवळीखाली हिरडी सोलवटते. आधी कळलं तर मुळी काढायची की ठेवायची हे निवांत ठरवता येतं, आणि कवळी एकदाच बनवावी लागते.